डोळ्याच्या कोपऱ्यातली गर्दी: बेळगाव, खानापूर, निपाणीत बसून करता येईल असा दृष्टीसंवेदनेचा पहिला प्रयोग

बेळगावच्या खडेबाजारातून चालताना समोरच्या एका पाटीवर नजर खिळवा आणि मान न वळवता बाजूच्या पाट्या वाचायचा प्रयत्न करा. पाटी आहे हे कळतं, रंग कळतो, कानडी की मराठी याचाही अंदाज येतो, पण शब्द लागत नाही. त्याच जागी एकच मोठं सुटं अक्षर असतं तर ते ओळखता आलं असतं. म्हणजे अडचण नुसत्या अंधुक दिसण्याची नाही. शेजारची अक्षरं मधल्या अक्षराला गिळतात. याला क्राउडिंग म्हणतात. हर्मन बाउमा या डच संशोधकानं १९७० साली त्याचा एक सोपा नियम दाखवला: नजरेच्या केंद्रापासून अक्षर जितकं दूर, त्याच्या साधारण निम्म्या अंतरात दुसरं अक्षर आलं तर ओळख बिघडू लागते.

नवशिक्यांनी सुरुवात याच प्रयोगानं करावी असं आमचं मत आहे. परिणाम इतका ठळक आहे की पहिल्याच दिवशी आकडा हाती येतो, आणि आकडा चुकीचा आला तर कुठं चुकलं हेही बहुतेक वेळा सापडतं. लॅपटॉप, पट्टी, दोरी आणि अंधार करता येणारी एक खोली एवढ्यावर भागतं. सायकोपाय हे मोफत सॉफ्टवेअर पायथनवर चालतं. प्रोग्रामिंग येत नसेल तरी त्यातल्या बिल्डर भागात चौकटी जोडून प्रयोग उभा करता येतो.

आधी प्रश्न, मग सामान

प्रश्न एका वाक्यात कागदावर लिहा: "नजरेच्या केंद्रापासून ८ अंशांवर असलेलं चिन्ह ओळखायला दोन्ही शेजारी निदान किती अंशांवर हवेत?" यात बदलणारी गोष्ट एकच आहे, शेजाऱ्यांचं अंतर. चिन्हाचा आकार, जागा, दाखवण्याचा वेळ, पार्श्वभूमी, सगळं बांधलेलं. आकारही बदलू, रंगही बदलू, अशी हाव पहिल्या प्रयोगात धरली की शेवटी फरक कशानं पडला हे सांगता येत नाही.

चिन्ह कोणतं घ्यायचं? मराठी अक्षर घ्यायचा मोह होतो, पण इथं तो आवरा. देवनागरीत शिरोरेघेमुळं अक्षरं एकमेकांना चिकटलेली असतात, त्यामुळं "अंतर" कशाला म्हणायचं हाच वाद उभा राहतो. कानडी अक्षरांवर तलकट्टु (अक्षराच्या डोक्यावरची खूण) सुटा असतो, पण खाली लागणारी ओत्तक्षरं (जोडाक्षरातली दुसऱ्या व्यंजनाची रूपं) वेगळी गर्दी करतात. शिवाय आपल्या भागात कोण मराठी शाळेत शिकलेला, कोण कन्नड, कोण इंग्रजी. अक्षर वापरलं की सवयीचा फरक मोजमापात शिरतो. म्हणून लँडोल्टची सी घ्या: एका बाजूला तुटलेल्या बांगडीसारखी खूण, फट वर, खाली, डावीकडं किंवा उजवीकडं. फटीची रुंदी आणि रेषेची जाडी दोन्ही एकूण व्यासाच्या एक पंचमांश. ती कोणत्याही लिपीची नाही, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही चालते.

अंशांचं गणित

दृष्टीच्या अभ्यासात सेंटीमीटर सांगून उपयोग नसतो, कारण तीच वस्तू जवळ आणली की डोळ्याच्या पडद्यावर मोठी होते. म्हणून दृश्यकोन अंशांत सांगतात. डोळा आणि पडदा यांच्यात ५७ सेंटीमीटर अंतर ठेवलं की पडद्यावरचा १ सेंटीमीटर जवळजवळ बरोबर १ अंश होतो. जगभरच्या प्रयोगशाळांत हे अंतर दिसतं ते हिशेबाच्या या सोयीसाठीच. सपाट पडद्याच्या कडेला किंचित फरक पडतो, ८ अंशांसाठी ८.०१ आणि १४ अंशांसाठी १४.२ सेंटीमीटर. एवढ्यानं इथं काही बिघडत नाही.

आता पिक्सेल. खोक्यावर छापलेल्या आकारावर विसंबू नका, पडद्याचा उजळणारा भाग स्टीलच्या पट्टीनं मोजा. १५.६ इंची लॅपटॉपची रुंदी साधारण ३४.५ सेंटीमीटर भरते. आडवे १९२० पिक्सेल असतील तर एका सेंटीमीटरला सुमारे ५५ पिक्सेल, म्हणजे ५७ सेंटीमीटरवरून एका अंशालाही तेवढेच. सी चा व्यास ५५ पिक्सेल ठेवा, म्हणजे फट नेमकी ११ पिक्सेल होते. पाचानं भाग जाणारा आकडा मुद्दाम घ्यायचा, नाहीतर फटीच्या कडा करड्या होतात.

सायकोपायच्या मॉनिटर सेंटरमध्ये रुंदी, अंतर आणि पिक्सेल भरा आणि मग पडताळा घ्या: १० अंश लांबीची रेघ पडद्यावर काढून पट्टी लावा. ती १० सेंटीमीटर भरली पाहिजे. १२.५ किंवा ८ भरली तर बहुधा विंडोजची स्केलिंग (पडद्यावरचं सगळं मोठं करून दाखवण्याची सोय) १२५ टक्क्यांवर आहे, ती १०० वर आणा. ही दोन मिनिटांची तपासणी टाळल्यामुळं आठवड्याभराची मोजणी फेकून द्यावी लागते.

खोली, उजेड आणि हनुवटीची टेक

खानापूरकडच्या कौलारू घरात काचेचं कौल असतं. त्यातून उतरणारा उन्हाचा कवडसा सकाळभर सरकत असतो आणि पडद्यावर आला की काळ्याचा करडा होतो. पावसाळ्यात ढग आले-गेले की खिडकीचा उजेड मिनिटामिनिटाला बदलतो. खिडकीला काळं जाड कापड दुहेरी लावा, काचेचं कौल झाका आणि पडद्याच्या मागच्या बाजूला एक मंद बल्ब भिंतीकडं तोंड करून ठेवा. पाहणाऱ्याच्या पाठीमागं दिवा नको, त्याचं प्रतिबिंब पडद्यात दिसतं. पूर्ण काळोखही नको. काळोखात डोळे हळूहळू सरावत जातात, त्यामुळं पहिल्या आणि शेवटच्या फेरीतला डोळा सारखा राहत नाही.

लॅपटॉपमधली आपोआप उजेड बदलण्याची सोय, रात्रीचा पिवळा रंग, बॅटरी वाचवण्याचा मोड, सगळं बंद करा. लाइट गेली की बरेच लॅपटॉप बॅटरीवर जाताना स्वतःहून पडदा मंद करतात, काही तर पडद्याचा वेगही उतरवतात. फेरी चालू असताना लाइट गेली तर ती फेरी बाद समजा आणि वहीत वेळ लिहून ठेवा. चार्जिंगवर चालणारा दिवा वापरलात तर निदान खोलीचा उजेड तरी टिकतो.

हनुवटीची टेक कोणताही सुतार करून देईल. १८ मिलिमीटर प्लायचा ४० बाय २५ सेंटीमीटरचा पाट, त्यावर दोन उभ्या पट्ट्या ४५ सेंटीमीटरच्या, त्यांना दर २ सेंटीमीटरवर भोकं, त्यात बोल्टनं वर-खाली होणारी आडवी पट्टी हनुवटीसाठी, आणि सर्वांत वर कपाळ टेकायला दुसरी पट्टी. कपाळपट्टी विसरू नका. नुसत्या हनुवटीवर डोकं मागंपुढं डुलतंच. पाट टेबलाला क्लॅम्पनं आवळा. प्रत्येक माणसानंतर पट्टी स्पिरिटनं पुसा आणि नवा टिश्यू लावा. ५७ सेंटीमीटरची दोरी पडद्याच्या चौकटीला बांधून ठेवा आणि तिचं मोकळं टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी धरून अंतर बघा. मोजायचं डोळ्यापासून, हनुवटीपासून नाही.

या प्रयोगाचा एक मोठा गुण इथं सांगितला पाहिजे. माणूस ५० सेंटीमीटरपर्यंत पुढं झुकला तर १ अंशाचा जवळजवळ १.१४ अंश होतो, पण चिन्हाचं केंद्रापासूनचं अंतर आणि शेजाऱ्यांचं अंतर दोन्ही सारख्याच पटीत वाढतात. बाउमाचं गुणोत्तर, म्हणजे शेजाऱ्यांचं अंतर भागिले चिन्हाचं केंद्रापासूनचं अंतर, त्यामुळं फारसं हलत नाही. नजरेची तीक्ष्णता मोजायच्या प्रयोगात हीच चूक सरळ उत्तरात उतरली असती.

वेळ मिलिसेकंदांत नाही, फ्रेममध्ये

६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. १०० मिलिसेकंद दाखव असं सांगितलंत तरी तो ६ फ्रेमच दाखवणार, आणि ११० सांगितलंत तर ६ किंवा ७, कधी हे कधी ते. म्हणून आकडा फ्रेममध्येच द्या: ९ फ्रेम, म्हणजे १५० मिलिसेकंद.

१५० का? बाजूला काही चमकलं की डोळा तिकडं उडी घेतो, पण ती उडी सुरू व्हायलाच साधारण २०० मिलिसेकंद लागतात. डोळा पोचेपर्यंत चिन्ह गेलेलं असतं. त्यातही चिन्ह डावीकडं येणार की उजवीकडं हे दर वेळी यदृच्छेनं ठरवा, नाहीतर माणूस आधीच तिकडं नजर लावून बसतो. हे तो मुद्दाम करत नाही, डोळ्यांची सवयच तशी.

पडदा खरंच ९ फ्रेम दाखवतो का, हे स्लो-मोशन व्हिडिओनं तपासा. बऱ्याच मोबाइलवर २४० फ्रेमचा व्हिडिओ घेता येतो, त्याची एक फ्रेम ४.१७ मिलिसेकंदांची. चिन्ह सुमारे ३६ फ्रेम दिसलं तर ठीक. ४० दिसलं तर पडद्याची एक फ्रेम गळाली आणि चिन्ह जास्त वेळ थांबलं. मागं चालू असलेलं अपडेट, अँटिव्हायरस, जोडलेला दुसरा मॉनिटर ही नेहमीची कारणं. सायकोपायमध्ये फ्रेमच्या अंतरांची नोंद चालू ठेवा.

काम काय द्यायचं

फिकट करड्या पडद्यावर मधोमध छोटा ठिपका. अर्ध्या सेकंदानं ठिपक्यापासून ८ अंशांवर एका बाजूला तीन सी, एकाच आडव्या ओळीत. मधल्या सी ची फट कुठं आहे ते बाणाच्या चार कळांपैकी एक दाबून सांगायचं. शेजाऱ्यांच्या फटी यदृच्छेनं.

"दिसलं का?" असा प्रश्न विचारू नका. धीट माणूस लवकर हो म्हणतो, संकोची माणूस खात्री पटेपर्यंत नाही म्हणतो, आणि तुम्ही दृष्टी मोजण्याऐवजी स्वभाव मोजत बसता. चारातून एक निवडायची सक्ती केली की ही अडचण पुष्कळ कमी होते. नुसत्या अंदाजानं २५ टक्के बरोबर येणार, हे आपल्याला आधीच माहीत असतं.

सूचना लिहून ठेवा आणि सर्वांना त्याच शब्दांत वाचून दाखवा. बोलीतल्या असाव्यात: "मधल्या ठिपक्याकडंच बघत राहा. बाजूला तीन गोल येतील, त्यातल्या मधल्याचं तोंड कुठं आहे ते सांगा. नीट दिसलं नाही तरी एक बटण दाबाच, चूक झाली तरी चालतंय." कन्नड बोलणाऱ्यांसाठी त्याचं लेखी कन्नड रूप आधी तयार ठेवा. ऐनवेळी तोंडी भाषांतर केलं की कुणाला "ठिपक्याकडं बघा" सांगितलं जातं, कुणाला "गोलाकडं बघा".

शेजाऱ्यांचं अंतर स्टेअरकेसनं, म्हणजे उत्तरांनुसार पायरी-पायरीनं कमी-जास्त करत, बदलायचं. सुरुवात ६ अंशांपासून. लागोपाठ ३ बरोबर आली की अंतराला ०.८ नं गुणा, १ चुकली की ०.८ नं भागा. दिशा दोनदा उलटली (कमी होणारं अंतर वाढू लागलं किंवा वाढणारं कमी होऊ लागलं) की पाऊल बारीक करून ०.९ घ्या. १० उलटण्या झाल्या की थांबा आणि शेवटच्या ८ उलटण्यांच्या अंतरांची गुणोत्तरीय सरासरी (आठही अंतरांच्या गुणाकाराचं आठवं मूळ) काढा. हाच त्या माणसाचा उंबरठा. ही पद्धत सुमारे ७९.४ टक्के अचूकतेजवळ स्थिरावते, कारण जिथं लागोपाठ तीन बरोबर येण्याची शक्यता निम्मी असते तिथंच तिचं वर-खाली सारखं होतं, आणि ०.७९४ चा घन ०.५ आहे. हे गणित लेविट यांच्या १९७१ च्या लेखामुळं सर्वत्र रुळलं. अंदाजानं लागोपाठ तीन बरोबर यायची शक्यता ६४ मध्ये १, म्हणून नशिबानं खाली घसरण्याची भीती कमी. अंतर १.१ अंशाच्या खाली जाऊ देऊ नका, गोल एकमेकांवर चढतील. वरची मर्यादा ६.

डाव्या आणि उजव्या बाजूचे दोन वेगळे स्टेअरकेस एकात एक मिसळून चालवा. शिवाय दर दहा ट्रायलमागं (ट्रायल म्हणजे एकदा चिन्ह दाखवून एक उत्तर घेणं) एक ट्रायल शेजाऱ्यांविना, एकटी सी. हिच्याशिवाय प्रयोगाला अर्थ नाही. एकटी सी ओळखता आली तरच "बिघाड शेजाऱ्यांमुळं झाला" असं म्हणता येतं. अशा १२ ट्रायलमध्ये दोनपेक्षा जास्त चुकल्या तर माणूस दमला आहे, चष्मा चुकीचा आहे किंवा सूचना समजलेली नाही.

आधी सरावाच्या २० ट्रायल द्या, पहिल्या दहा अर्धा सेकंद दाखवून. दर ५० ट्रायलनंतर विश्रांती. प्रत्येक ट्रायलची नोंद लगेच फाइलमध्ये लिहिली जाईल असं बघा. शेवटी एकदम साठवायची सोय ठेवली आणि लॅपटॉप बंद पडला तर सगळं जातं.

माणसं

सहभागी माणसाला लांबचं आणि जवळचं दोन्ही दिसतं का, हे चष्म्यासह तपासा. चाळिशी ओलांडलेल्या काका-काकूंना सहा मीटरवरचा तक्ता स्वच्छ वाचता येतो, पण ५७ सेंटीमीटरवर धूसर दिसतं. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह काच असेल तर काचेच्या प्रत्येक भागाचा नंबर वेगळा, त्यामुळं कडेची दृष्टी भलत्याच नंबरातून जाते. एकाच नंबराचा चष्मा असलेली माणसं घ्या.

वर्गात एकमेकांवर सराव करणं वेगळं आणि छापण्यासाठी संशोधन करणं वेगळं. दुसऱ्या प्रकारासाठी कॉलेजच्या नैतिकता समितीची परवानगी पहिली ट्रायल घेण्याआधी हवी, नंतर मागून मिळत नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. संमतीपत्रक माणसाला कळणाऱ्या भाषेत, म्हणजे आपल्याकडं निदान मराठी आणि कन्नड दोन्ही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती, आणि मूल सात वर्षांचं किंवा त्याहून मोठं असेल तर त्याचा स्वतःचा होकारही. शिक्षकानं आपल्याच विद्यार्थ्यांना बोलावलं तर "नाही" म्हणणं मुलांना जड जातं, म्हणून बोलावण्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या. फाइलला नाव नको, संकेतांक द्या. नाव आणि संकेतांक जोडणारी वही कुलपात.

पहिल्या वेळी सहा ते आठ माणसं आणि प्रत्येकाचे चार स्टेअरकेस पुरतात. साठ माणसांकडून दहा-दहा ट्रायल घेतल्या तर एकाही माणसाचा उंबरठा ठरत नाही. सरासरीबरोबर प्रत्येकाचा वेगळा आलेखही काढा.

आकडा आला, पुढं काय

उंबरठा भागिले ८, हे तुमचं बाउमा गुणोत्तर. आडव्या मांडणीत २.५ ते ४ अंशांच्या आसपास उंबरठा म्हणजे ०.३ ते ०.५ गुणोत्तर आलं तर प्रयोग नीट चालला आहे. १.२ अंश आलं तर आनंदू नका. माणूस ठिपका सोडून सी कडंच बघत असण्याची शक्यता मोठी आहे. पडद्याच्या वर मोबाइल लावून डोळ्यांचा व्हिडिओ घ्या, ८ अंशांची उडी नुसत्या डोळ्यांनी ओळखू येते. आकडा ६ ला चिकटून बसला तर सूचना पुन्हा समजावा. बरेचदा माणूस मधल्याऐवजी ठिपक्याच्या जवळचा गोल सांगत असतो.

मग शेजारी वर-खाली ठेवून तोच प्रयोग पुन्हा करा. उंबरठा बराच उतरतो, अनेकदा निम्म्यावर येतो. गर्दीचं क्षेत्र गोल नसून नजरेच्या केंद्राकडं रोख असलेलं लांबट आहे, हे त्यातून कळतं. एकच शेजारी ठेवून पाहिलंत तर आणखी एक गंमत दिसते: बाहेरच्या बाजूचा शेजारी आतल्यापेक्षा जास्त त्रास देतो. मेंदूच्या मागच्या भागातल्या प्राथमिक दृश्यक्षेत्रात केंद्राजवळच्या जगाला पुष्कळ जागा आणि कडेच्या जगाला थोडी असते. बाहेरचा शेजारी त्या नकाशावर चिन्हाच्या अधिक जवळ पडतो, म्हणून असं होतं असा एक पक्ष आहे. डोळ्यावरून मेंदूकडं जाणारा पूल इथं दिसायला लागतो.

मेंदूचे संकेत प्रत्यक्ष मोजायची घाई झाली असेल तर तीन गोष्टी लक्षात असू द्या. काळ्या-पांढऱ्या चौकटी उलटसुलट करून डोक्याच्या मागं ओझेड या जागी ईईजी (मेंदूच्या विद्युत संकेतांची नोंद) घेतला की सुमारे १०० मिलिसेकंदांवर एक ठळक लाट दिसते, तिला पी १०० म्हणतात. आपल्याकडच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण नोंदीत शिरते, आणि जुन्या वाड्यात अर्थिंग धड नसेल तर लाटेऐवजी तीच दिसते. तिसरी गोष्ट म्हणजे चित्र बदलल्याची खूण संगणकाकडून न घेता पडद्याच्या कोपऱ्याला चिकटवलेल्या फोटोडायोडकडून (उजेड टिपणाऱ्या छोट्या सुट्या भागाकडून) घ्या. संगणक सांगतो त्यापेक्षा चित्र एक-दोन फ्रेम उशिरा उमटतं आणि १०० ची लाट १३० वर सरकते. ज्यांना आकडी येते त्यांना असल्या लुकलुकत्या चित्रांसमोर बसवू नका.

लिपींचा प्रश्न आता हाती घेता येईल, आणि तो सीमाभागात जसा घेता येईल तसा फार थोड्या ठिकाणी. मराठी आणि कन्नड अक्षरं एकाच फाँट आकारात ठेवून तुलना करू नका. आधी प्रत्येक माणसासाठी, प्रत्येक लिपीत, ८ अंशांवर एकटं अक्षर ओळखायला लागणारा किमान आकार मोजा आणि दोन्ही लिपी त्याच्या दुप्पट आकारात दाखवा. देवनागरीची शिरोरेघ एकदा जोडून, एकदा तोडून ठेवा. प्रत्येक लिपीतून एकमेकांसारखी न दिसणारी नऊ-दहा सुटी अक्षरं निवडा, जोडाक्षरं आणि ओत्तक्षरं वगळा. माहितीपत्रकात "मातृभाषा" एवढाच रकाना नको. पहिलीत कोणती लिपी शिकलात, दुसरी कितव्या इयत्तेत आली, आणि आज वर्तमानपत्र, मोबाइल, दुकानाचा हिशेब कोणत्या लिपीत वाचता, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. निपाणीत घरी मराठी बोलणारा आणि दिवसभर कन्नड कागद वाचणारा माणूस एका रकान्यात मावत नाही.